शिक्षण, पालकत्व आणि मन यांवर मुलाखतींचा पॉडकास्ट सुरू करतेय, पण पहिला भाग थांबवलाय. तुमचं मत हवंय

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

बारा वर्षं नाशिकजवळच्या एका प्राथमिक शाळेत शिकवलं. मधल्या काळात मानसशास्त्रात एम.ए. केलं. आता मामेभावाला हाताशी धरून मुलाखतींचा पॉडकास्ट सुरू करतेय. मुलांचं शिकणं, त्यांना घरी वाढवणं आणि या दोन्हींच्या मुळाशी असलेलं मन, हा विषय. महिन्याला दोन भाग, प्रत्येकी चाळीसेक मिनिटांचे. नाव अजून ठरलेलं नाही.

हे का करावंसं वाटलं ते सांगते. पालकसभेत कोणी मनातलं विचारत नाही. सभेत प्रश्न येतात ते सराव परीक्षा कधी, गणवेश कुठून घ्यायचा, असले. सभा संपते, सगळे उठतात आणि दाराशी चपला घालता घालता एखादी आई थांबते. एक चपल पायात, दुसरी शोधत असल्यासारखी. बाकीचे पुढे गेले की हळूच म्हणते, "बाई, एक विचारू का?" आणि मग ते येतं. मुलगा अजून अंथरूण ओलं करतो. मुलगी आठवडाभर वडिलांशी बोललेली नाही. धाकट्यावर माझा हात उठतो आणि मग रात्रभर झोप लागत नाही. या प्रश्नांना मी दारात उभ्याउभ्या दोन मिनिटांत काय उत्तर देणार? बारा वर्षं तेच करत आले आणि दर वेळी वाटायचं, या बाईला कोणीतरी नीट तासभर द्यायला हवा.

आतापर्यंत तीन मुलाखती ध्वनिमुद्रित झाल्या आहेत. पहिली एका मानसोपचारतज्ज्ञांची, परीक्षेच्या भीतीवर. सुरुवातीची दहा मिनिटं सगळी इंग्रजी संज्ञांचीच होती. मग मी विचारलं, "डॉक्टर, हेच माझ्या सासूबाईंना सांगायचं असेल तर कसं सांगाल?" ते थांबले. बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "चिंता म्हणू नका, चिंता मोठ्यांची असते. घालमेलही नाही. या मुलांना धास्ती असते. धास्ती म्हणा." तिथून पुढची अर्धी मुलाखत फार सुरेख झाली, कारण त्यांना स्वतःलाच तो शब्द सापडला होता. दुसरी मुलाखत एका बालवाडीच्या ताईंची.

अडलंय ते तिसऱ्या मुलाखतीशी. ती एका आईची, तिच्याच घरी घेतलेली. मुलगा बारा वर्षांचा. तिने इतकं मोकळेपणाने सांगितलं की ऐकताना माझे डोळे भरून आले. काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. परवानगीच्या कागदावर तिची सही आहे. रात्री मी हेडफोन लावून संपादनाला बसले. बत्तिसाव्या मिनिटाला दार उघडल्याचा आवाज येतो आणि मागून मुलगा विचारतो, "आई, सायकलची किल्ली कुठंय?" ती म्हणते, "फ्रीजवर बघ." दार लागतं आणि ती पुढच्याच वाक्यात त्याच्याबद्दल सांगायला लागते.

तो तुकडा मी सात-आठ वेळा ऐकला. आत आपल्याबद्दल काय बोलणं चाललंय याची त्या मुलाला कल्पनाही नव्हती. तो किल्ली घेऊन खेळायला गेला.

म्हणून भाग थांबवला. आईची परवानगी पुरते का? आणि असे तपशील काढून टाकले तर उरतं ते प्रवचन, आणि प्रवचनं काय, रोज सकाळी मोबाइलवर ढिगाने येतात. मनापासून लिहा, कडवट असलं तरी चालेल.

चाफेकळी

उपक्रम फार आवडला. चपलांचा प्रसंग वाचून मीच आठवले, मीही अशीच दारात थांबलेली आई आहे. पण मला वाटतं तू जास्तच विचार करतेयस. नाव बदल, गाव बदल, की झालं. ती आई इतकं बोलली ते दुसऱ्या कुणा आईला उपयोग व्हावा म्हणूनच ना? तिचं बोलणं दाबून ठेवणं हाही तिच्यावर अन्यायच आहे.

तबकडी

चाफेकळी, हे छापील लेखात चालतं, आवाजात नाही चालत. गेली अठरा वर्षं मी ध्वनिमुद्रणाच्या कामात आहे. नाव बदला, गाव बदला, शेजारीण पहिल्या दोन वाक्यांत ओळखते. हसण्याची लकब, 'म्हणजे कसंय' म्हणायची सवय, मागे वाजणारी गल्लीतल्या देवळाची घंटा, सगळं बोलतं. आवाजाची पट्टी बदलून ऐकवता येतं, पण चाळीस मिनिटं तसा आवाज कोणी ऐकत नाही आणि त्यातलं माणूसपणही जातं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. पॉडकास्ट एका जागी नसतो. आपण फाइल एका सर्व्हरवर चढवतो, तिची नोंद फीडमध्ये जाते आणि ते फीड वाचून वेगवेगळी अ‍ॅप्स भाग उचलतात. उद्या मूळ जागेवरून भाग काढला, तरी ज्यांनी उतरवून घेतला त्यांच्या फोनमध्ये तो राहतोच. कोणी तुकडा कापून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला तर तो आपल्या हातातच नाही. म्हणजे 'नंतर काढू' हा पर्याय खऱ्या अर्थाने नसतोच. ठरवायचं ते आधी.

आता कामाचं. दोघांना वेगळे माइक आणि वेगळे ट्रॅक घ्या, म्हणजे एकाचा खोकला दुसऱ्याच्या वाक्यावर बसला तरी सोडवता येतो. माइक तोंडापासून वीतभर, जरा तिरका, म्हणजे 'प' आणि 'फ' फुटत नाहीत. घरी घेणार असाल तर पंखा बंद, फ्रीजचं बटण बंद (निघताना आठवणीने चालू करा), भिंतीशी दोन गोधड्या टांगा. आणि बोलणं सुरू व्हायच्या आधी अर्धा मिनिट कोणीही न बोलता खोलीची शांतता मुद्रित करा. मध्ये काही कापलं की तिथे तीच शांतता भरायची, नाहीतर कानाला खड्डा जाणवतो.

मनगाभा

मी समुपदेशक आहे, म्हणून थोडं तपशिलात.

अठराच्या आतल्या मुलाच्या बाबतीत कायद्याने संमती पालकांची लागते, हे खरं. पण आमच्या क्षेत्रात 'संमती' आणि 'होकार' या दोन वेगळ्या गोष्टी मानतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ची संशोधन-नीतीची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. मूल सात वर्षांचं झालं की पालकांच्या संमतीबरोबर त्याचा स्वतःचा होकारही घ्यावा, असं ती सांगतात. पॉडकास्ट म्हणजे संशोधन नव्हे, पण तत्त्व तेच लागू पडतं. बारा वर्षांच्या मुलाला सगळं कळतं. उद्या वर्गात त्याला कोणी काय म्हणेल, हे आपल्यापेक्षा त्याला जास्त कळतं.

एका बाबतीत तर निवडीला जागाच नाही. लैंगिक अत्याचाराचा विषय निघाला तर २०१२चा पोक्सो कायदा लागू होतो. मुलाचं नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाचा तपशील, शाळा, शेजार, ओळख पटेल असं काहीही माध्यमातून जाता कामा नये. आणि अशी गोष्ट तुमच्या कानावर आली तर ती पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. मुलाखतीला बसण्याआधी हे समोरच्याला सांगून ठेवा.

पाहुणे निवडतानाही काळजी घ्या. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्राचं शिक्षण घेतलेले डॉक्टर, ते औषध देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असायला हवा, तो मागायला लाजू नका. बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी आणि कल सांगणारे बरेच जण तुमच्याकडे येतील, उलट पैसेही देऊ करतील. त्याला शास्त्रीय आधार नाही. अशांना तुमच्या माइकसमोर जागा देऊ नका, ही हात जोडून विनंती.

आणि कोणी संशोधनाचा दाखला दिला की लगेच विचारा, "हे कुठल्या मुलांवर?" डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात पालकत्वाच्या तीन शैली मांडल्या, हुकूमशाही, अधिकारयुक्त पण मायेची, आणि मोकळीक देणारी. मराठी पालकत्वाच्या प्रत्येक शिबिरात त्या फळ्यावर असतात. पण त्या सुरुवातीला मांडल्या कॅलिफोर्नियातल्या बर्कलेमधल्या, बहुतांशी मध्यमवर्गीय गोऱ्या घरांतल्या मुलांवरून. ज्या घरात आई रागावते, आजी पोटाशी धरते आणि काका शाळेत पोचवतो, त्या घराची शैली कुठली? असा प्रश्न विचारणारा मुलाखतकार मला मराठीत ऐकायचाय.

प्रत्येक भागाच्या शेवटी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक सांगा. सरकारी सेवा आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहेच.

जुनाखडू

मनगाभा यांच्याशी सहमत, तरी एक म्हातारी शंका. सगळ्या गोष्टी इतक्या झाकून सांगायच्या तर हा पॉडकास्ट शाळेतल्या सुविचाराच्या फळ्यासारखा होईल. रोज बदलतो, कोणी वाचत नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली. त्यातून अंगणवाडी हा शब्द रुजला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली. हे सगळं सुचलं ते समोरचं मूल काय करतंय, का येत नाही, हे बारकाईने पाहिल्यामुळे. सर्वसामान्य विधानं करून नव्हे. त्यामुळे बाई, तपशील सोडू नका. मार्ग दुसरा शोधा. मला एक सुचतो, मोठ्या माणसांना त्यांच्या स्वतःच्या लहानपणाबद्दल बोलतं करा. चाळीस वर्षांच्या माणसाला स्वतःच्या बाराव्या वर्षाबद्दल बोलायचा पूर्ण हक्क आहे.

चाफेकळी

हे पटलं. पण चाळीस वर्षांच्या माणसाच्या बालपणात मोबाइल नव्हता ना! मला आजच्या रात्री दहा वाजता काय करायचं ते हवंय.

पंचगंगा

मी कोल्हापूरकडचा, दुधाच्या टँकरवर आहे. दिवसाचे पाच-सहा तास गाडीवर, कानात कायतरी चालूच असतंय. पालकत्वाचं जे जे ऐकलं त्यात सगळं 'आईने असं करावं, आईने तसं करावं'. बापाशी कोण बोलतच न्हाई. बाप म्हणजे फी भरणारा.

मी माझं सांगतो. पोरानं घटक चाचणीचा कागद दप्तरात तळाला दडवून ठेवला होता. मला सापडला. मार्कांपायी न्हवं, दडवला म्हणून मारला. मारताना मला माझ्या वडिलांचा हात दिसला, अगदी तसाच वर गेलेला. अंगठी पण तीच, त्यांची माझ्याकडं आलेली. त्या दिवसापासून अंगठी काढून ठेवलीय. कपाटात हाय. परत हात उचलला न्हाई असं म्हणत न्हाई, एकदा उचलला. पण तेवढंच. हे मी घरी कुणाला बोललो न्हाई. तुम्ही मुलाखत घेणार असाल तर माझ्यासारख्यांना बोलवा. आम्ही बोलू. कुणी विचारलं तर बोलू.

गोदाकाठ

पंचगंगा, तुमचा प्रतिसाद सकाळपासून चार वेळा वाचला.

मला वाटतं माझ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच दिलंत. तुम्ही तपशील झाकला नाहीत. अंगठी सांगितलीत, हात सांगितलात, वडील सांगितलेत. पण मुलगा त्या वेळी कसा रडला, काय म्हणाला, हे एका शब्दाने सांगितलं नाहीत. जे तुमचं ते सगळं दिलंत आणि जे त्याचं ते त्याच्यापाशी राहू दिलंत. मी त्या आईला सगळे प्रश्न मुलाबद्दल विचारले होते. "मग तो काय म्हणाला? मग त्याने काय केलं?" चूक माझ्या प्रश्नांत होती. "तुम्हाला तेव्हा कशाची भीती वाटली?" असं विचारलं असतं तर ती स्वतःबद्दल बोलली असती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून, बीबीसी रेडिओवर डोनाल्ड विनिकॉट नावाचे बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक थेट आयांशी बोलायचे. शिकवणीचा सूर न लावता, तुम्ही जे आपसूक करता त्याचा अर्थ काय, एवढंच उलगडून सांगायचे. आई परिपूर्ण असावी लागत नाही, पुरेशी चांगली असली की पुरते, ही त्यांची गाजलेली मांडणी. नुसत्या आवाजातून एखाद्याला दोष न देता धीर देता येतो, हे त्यांच्यामुळे मला पटलं होतं. पण मी त्यात बाप धरलाच नव्हता, हे तुमच्यामुळे कळलं. तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवते. मुलाशी आधी बोला, तो नको म्हणाला तर आपण नाही करायचं.

बालाघाट

मी बीड जिल्ह्यात गुरुजी आहे. आमच्याकडं दिवाळी झाली की गाव रिकामं होतं. आईबाप ऊसतोडीला जातात, ते मार्च-एप्रिलात परततात. काही लेकरं कोयत्यामागं जातात, काही हंगामी वसतिगृहात जेवतात आणि बरीचशी आजीपाशी राहतात. सहा महिने पालक म्हणजे आजी. तिला सही येत नाही, पण लेकराला ताप आला तर रात्री दोनला उठणारी तीच.

मागच्या हंगामात एक मुलगी माझ्या फोनवरून आईशी बोलायची. आई फडातून दर वेळी एवढंच विचारायची, "जेवलीस का?" पोरगी हो म्हणायची आणि मग वही उघडून फोनच्या पडद्यासमोर धरायची. व्हिडिओ कॉल नव्हता, साधा कॉल होता. मला सांगवलं नाही तिला. ती पानं उलटत राहायची.

पालकत्वाच्या कुठल्याच चर्चेत ही आजी नसते. तिची मुलाखत घ्यायची असेल तर मी भाषेला मदत करीन. फक्त हातात कागद देऊन सही मागू नका. आधी चहा घ्या, मग तिला तिच्याच भाषेत सांगा की हे कोण कोण ऐकणार आहे.

ऱ्हाईनकाठ

बालाघाट, वही वाचून पुढचं वाचवेना.

आम्ही जर्मनीत, कोलोनजवळ राहतो. इथे चौथीच्या शेवटी शाळा शिफारस देते, मूल पुढे कुठल्या प्रकारच्या शाळेत जावं याची. दहा वर्षांच्या मुलाच्या पालकांची झोप उडते. मला वाटायचं परीक्षेची धास्ती हा आपल्याकडचाच आजार. इथे बसून मराठीत हे कोणाशी बोलावं कळत नाही. एक मागणं, प्रत्येक भागाचं लिखित रूपही द्या. माझ्या मुलांना मराठी ऐकून समजतं, हळूहळू वाचताही येईल. शिवाय ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाही उपयोग होईल. आणि नावासाठी माझं मत, 'चपला घालताना'.

तबकडी

नावाला अनुमोदन. लिखित रूपासाठी यंत्राने केलेला मराठी मजकूर वापरलात तर तो माणसाने एकदा तपासाच. 'धास्ती'चं 'दस्ती' होतं.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते कळवते.

रविवारी त्या घरी गेले. आईला आधी सगळं सांगितलं. ती गप्प झाली. म्हणाली, "त्याला विचारायचं मला सुचलंच नाही." मग तिनेच त्याला बोलावलं. त्याने हेडफोन लावून चाळीस मिनिटं ऐकलं, मध्ये एकदाही आमच्याकडे पाहिलं नाही. आम्ही दोघी स्वयंपाकघरात, शेंगा सोलत. एवढ्या शेंगा मी आयुष्यात सोलल्या नसतील.

त्याने एक गोष्ट काढायला सांगितली. कुठली ते इथे लिहीत नाही. मी ज्या तीन गोष्टींवर खूण करून ठेवली होती, त्यांपैकी ती एकही नव्हती. माझ्या दृष्टीने ती त्या मुलाखतीतली सर्वांत सुंदर जागा होती. काढली.

बाकीचं राहू दे म्हणाला. मग विचारलं, "ते किल्लीचं ठेवणार ना? तो माझा आवाज आहे."

आईच्या प्रश्नांचा भागही पुन्हा मुद्रित केला, या वेळी तिच्याबद्दलच विचारलं. मनगाभा, पुढच्या महिन्यात भाग चढवायच्या आदल्या रात्री मी त्याला परत एकदा विचारणार आहे. तोवर मत बदललं तर भाग येणार नाही, हे त्याला सांगून ठेवलंय.

मनगाभा

हे फार चांगलं केलंत. परत विचाराल तेव्हा आई शेजारी नसताना विचारा. आईसमोर मुलं हो म्हणून टाकतात.

तबकडी

किल्लीच्या वाक्याआधी दाराचा आवाज आहे, तो कापू नका. त्याला लागूनच ठेवा, नाहीतर मुलगा हवेतून आल्यासारखा वाटेल.